नशिबाला माझा नंबर कोणी दिला?

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि या मंडळाच्या जवळजवळ प्रत्येक नाटकाचे दिग्दर्शक, आदरणीय शरदचंद्र सर; प्रमुख पाहुणे आणि गेल्या महिन्यापर्यंत माझे साहेब असलेले हृषीकेश सर; मंडळाच्या कार्यकारिणीतले मान्यवर; सूत्रसंचालन करणारा माझा जुना सहकलाकार अनीश; पहिल्या रांगेत बसलेली माझी आई, कांताबाई; आणि रविवारची दुपारची झोप सोडून परदेशीपुऱ्यापासून महूपर्यंत कुठून कुठून आलेल्या माझ्या माणसांनो, सगळ्यांना जय भीम आणि सप्रेम नमस्कार.

शाल अंगावर आली, श्रीफळ हातात आलं, की माणसाने दोन गोड शब्द बोलून खाली बसावं, अशी आपल्याकडची रीत आहे. गोड बोलायला मलाही येतं. इतकी वर्षं औषधं विकली, कडू गोळीबद्दलही गोडच बोलले. पण आज काय है ना, माझी ओळख करून देताना अनीशने एक वाक्य वाचलं आणि ते ऐकल्यावर मला तसं बसता येणार नाही. वाक्य होतं, ‘नशिबाने साथ दिली आणि मंडळाच्या या गुणी अभिनेत्रीला मुंबईहून बोलावणं आलं.’ अनीश, तुझा आवाज सुंदर आहे, त्यामुळे वाक्यही सुंदर वाटलं, टाळ्यासुद्धा पडल्या. मला फक्त एवढंच विचारायचं आहे, की नशिबाला माझा मोबाईल नंबर कोणी दिला?

हसा, हसा. पण मी खरंच विचारते आहे. तो नंबर मी दिला होता. उन्हात उभं राहून, आपल्या हाताने दिला होता. आणि तेव्हा याच सभागृहात त्या गोष्टीला वेगळं नाव होतं. ‘पुढे पुढे करणं’ म्हणायचे तिला.

जे मला फक्त पडद्यावर ओळखतात त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी कीर्ती इंगळे. माझे आजोबा कचरू इंगळे फौजेत होते, त्यामुळे आमचं मूळ घर महूच्या छावणीतलं. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही इंदूरला, परदेशीपुऱ्यात आलो. मी मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे लोक ज्याला एमआर म्हणतात ती. खांद्याला बॅग घेऊन डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसायचं, आत बोलावलं की दोन मिनिटांत आपलं औषध सांगायचं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं. नाटकाचं वेड कॉलेजातलं. या मंडळात आले तेव्हा विशी नुकतीच ओलांडली होती.

इथे मला भूमिका मिळाल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. मोलकरीण मिळाली, शेजारीण मिळाली. एका नाटकात तर पडद्यामागून फक्त खोकायचं होतं. मी मन लावून खोकले. मग एकदा धीर करून शरदचंद्र सरांना विचारलं, की पुढच्या नाटकात मला जरा मोठं काम द्याल का? सर तेव्हा म्हणाले की माझ्या मराठीला हिंदीचा वास येतो. आणि वर हेही म्हणाले की भूमिका मागायची नसते, भूमिकेने आपल्याला निवडावं लागतं. सर, वासाचं तुमचं म्हणणं खरं होतं. आजही येतो, तुम्ही ऐकताच आहात. इंदूरच्या माणसाच्या मराठीला दुसरा कसला वास येणार? मागायची नसते हे मात्र मला पटलं नव्हतं. तरी पुन्हा मागितली नाही. वाटलं, सभ्य घरांमध्ये असंच चालत असेल.

मग आमच्या परदेशीपुऱ्यात, बंद पडलेल्या एका मिलच्या आवारात, मुंबईहून शूटिंगवाले येऊन उतरले. वेब सिरीजचं काम होतं. अख्खी गल्ली फाटकाबाहेर मोबाईल उंच धरून उभी. मी पोलोग्राउंडहून, कंपनीच्या गोदामातून परत येत होते. चौकीदाराने विचारलं, “किससे मिलना है?” मी म्हटलं, इथले कलाकार जो कोणी निवडत असेल त्याला. त्याने माझ्या बॅगेकडे पाहिलं आणि सरळ फाटक उघडलं. त्याला वाटलं मी दवाखान्यातून आले आहे. निम्म्या युनिटची पोटं बिघडली होती, आणि ते सकाळपासून कोणाची तरी वाट बघत होते.

मी आत पाऊल टाकलं नाही. म्हटलं, भिया, मी डॉक्टर नाही, मी नाटकात काम करते. एवढं ऐकल्यावर फाटक लागायला हवं होतं. पण तो म्हणाला, मग त्या झाडाखाली बसा, पूर्वा मॅडम चहाला बाहेर येतात, कलाकारांचं त्याच बघतात.

पूर्वा आली. वयाने माझ्यापेक्षा कितीतरी लहान, डोळे जागरणाने लाल, हातात वॉकीटॉकी. त्या दिवशी तिला अभिनेत्री नको होती, डॉक्टर हवा होता. आता डॉक्टर म्हणाल तर अर्ध्या इंदूरचे माझ्या फोनमध्ये. मी एका फिजिशियनना फोन लावला, त्यांनी क्लिनिक आटोपल्यावर येतो म्हटलं आणि आले. निघताना फाटकापाशी उन्हात उभं राहून मी पूर्वाला माझा नंबर लिहून दिला, एवढंच सांगितलं की मी नाटकात काम करते, आणि विचारलं, पुन्हा कधी येऊ? हे मला हृषीकेश सरांनी शिकवलं होतं. सर नाशिकहून बदलून इथे आले तेव्हा पहिल्याच मीटिंगमध्ये आम्हाला म्हणाले होते, “पहिल्या भेटीत काही विकायचं नसतं. पहिल्या भेटीत दुसरी भेट मिळवायची असते.” सर, तुम्ही ते मधुमेहाच्या गोळीबद्दल म्हणाला होतात. मी ते स्वतःवर वापरलं, त्याबद्दल आज कंपनीचे आभार.

दुसऱ्या भेटीत पूर्वाने माझ्याकडून एक प्रसंग करून घेतला आणि नाही म्हणाली. “दी, आपका चेहरा बहुत समझदार लगता है. मुझे घबराई हुई औरत चाहिए.” मी म्हटलं, ठीक. मग तिने विचारलं, कोणी मालवी बोलणारा तरुण मुलगा आहे का तुमच्या ओळखीत? मी मंडळातल्या काही जणांचे फोटो पाठवले. त्यांच्यातून अनीशची निवड झाली.

अनीश, मान खाली घालू नकोस. काम तू उत्तमच केलं होतंस. त्यानंतर याच व्यासपीठावर तुझा सत्कार झाला, आणि ‘मंडळाने घडवलेला कलावंत’ असं सगळे म्हणाले. मी मागे उभी राहून टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या. तुझा फोटो कोणी पाठवला हे कोणी विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस. मला वाईट वाटलं का? वाटलं. रात्री जेवण गेलं नाही इतकं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पूर्वाकडे जाऊन बसले.

इथून मग चर्चा सुरू झाली. कीर्ती बॉम्बेवाल्यांच्या मागे लागली आहे. कीर्ती विजयनगरच्या हॉटेलात लॉबीत बसलेली दिसली. हो, बसले होते. पूर्वाचं सगळं युनिट तिथे उतरलं होतं, आणि लॉबी लोकांनी बसावं म्हणूनच बांधलेली असते. पण ही बातमी आमच्या घरी पोहोचली ती तिखटमीठ लावून. समोरच्या काकू आईला सांगून गेल्या. मी संध्याकाळी घरी आले तर आई दारातच खुर्ची टाकून बसलेली. मला वाटलं, आता संपलं सगळं.

आईने आवाज चढवला नाही. म्हणाली, “तू तिथे चोरून जातेस का?”

मी म्हटलं, नाही.

“मग मला का सांगितलं नाहीस?”

मी म्हटलं, तू काळजी करशील म्हणून. त्यावर ती म्हणाली, “काळजी तर मी अशीही करते. उद्यापासून सांगून जा. मला सांग, त्या समोरच्या बाईलाही सांग. ज्याची आपल्याला लाज नाही ते दबकत कशाला करायचं?”

दुसऱ्या दिवसापासून मी गॅलरीतल्या त्या काकूंना हाक मारूनच निघू लागले. काकू, आज अमक्या ठिकाणी काम मागायला चालले आहे. सुरुवातीला त्या आत निघून जायच्या. मग ऐकून घेऊ लागल्या. पुढे पुढे तर मी परत आले की त्याच वाकून विचारायच्या, “काय म्हणाले मग?” आणि नकार आला असेल तर माझ्याआधी त्याच चिडायच्या. आज आल्या आहेत त्या. काकू, नमस्कार.

मंडळात मात्र असं सहज मिटणार नव्हतं. स्पर्धेच्या नाटकाच्या तालमी चालू होत्या आणि पहिल्यांदाच मला चांगली, लांबीची भूमिका मिळाली होती. एका संध्याकाळी तालीम झाल्यावर सरांनी सगळ्यांना बसवून घेतलं. म्हणाले, “कलावंत दारोदार फिरत नाही. त्याला बोलावणं येतं.” नाव कोणाचं घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मी उभी राहिले. मी म्हटलं, “सर, बोलावणं यायचं तर आधी पत्ता माहीत असावा लागतो. तुमच्या वडिलांना या शहरात सगळे ओळखत होते, म्हणून तुम्ही शाळेत असतानाच स्टेजवर आलात. माझ्या आजोबांना छावणीबाहेर कोण ओळखत होतं? माझा पत्ता मलाच जाऊन द्यावा लागेल.”

सर म्हणाले, आजची तालीम संपली. पुढच्या तालमीला माझी भूमिका दुसरीकडे गेलेली होती. मला कोणी काढलं नाही, बरं का. फक्त तालमीची वेळ मला कोणी कळवली नाही.

सर, तुमच्या शेजारच्या खुर्चीवरून उठून मी हे बोलते आहे, याची मला जाणीव आहे. तुम्ही मला शब्द कसा फेकायचा ते शिकवलंत, थांबायचं कुठे ते शिकवलंत, ते मी आजही वापरते. रागही होता, खूप होता. थोडा अजून उरला आहे आणि तो मी लपवणार नाही. पण तुमच्यावरच्या रागापेक्षा मोठा राग मला त्या वाक्याचा आहे. कारण ते वाक्य ऐकून कितीतरी जण घरी बसले. चांगले नट होते. बोलावण्याची वाट बघत बसले, आणि आता त्यांची मुलं कॉलेजात आहेत.

मी घरी बसले नाही. एमआर जे करतो ते केलं. जिथे नकार मिळाला तिथे पुन्हा गेले. सुट्ट्या साठवून मुंबईला जायचं, ऑफिसांबाहेर बसायचं. जाताना दर वेळी नवा काहीतरी प्रसंग मोबाईलवर करून न्यायचा, कारण तेच तेच दाखवलं तर डॉक्टरसुद्धा मान वर करत नाहीत. रिसेप्शनवरच्या मुलीचं नाव विचारायचं आणि पुढच्या खेपेला लक्षात ठेवायचं. नुसतं मागायचं नाही, कोणाला इकडची माहिती हवी असेल, शूटिंगला जागा हवी असेल, तर ती मिळवून द्यायची. एका ठिकाणी एक साहेब माझी बॅग बघून हसले. म्हणाले, “आंटी, रोल माँगने आई हो या दवाई बेचने?” मी म्हटलं, “जिसकी आपको ज़रूरत हो.” त्यांनी काम दिलं नाही. पण बसायला खुर्ची दिली, आणि पुढच्या वेळी आंटी न म्हणता नावाने हाक मारली.

आता तुमच्यातल्या काही जणांच्या मनात जो प्रश्न असतो, पण तोंडावर कोणी विचारत नाही, तोही घेऊन टाकू. तसलं काही झालं का? एकदा झालं. एका माणसाने भूमिकेची चर्चा करायला हॉटेलच्या खोलीवर बोलावलं. मी कळवलं की चर्चा खाली लॉबीत करू, तिथे बसायची मला सवय आहे. तो खाली आला नाही. मी त्याच दिवशी पूर्वाला सांगितलं, आणि तोपर्यंत ओळख झालेल्या प्रत्येक मुलीला त्याचं नाव कळवलं. ओळखी वाढवणाऱ्या बाईबद्दल जे कुजबुजतात त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की त्या दिवशी मला त्या ओळखींनीच सांभाळलं. एकटी असते, तर ते नाव सांगायचं कोणाला हेही मला कळलं नसतं.

थकले नाही असं नाही. एकदा मुंबईहून परतताना आईला फोनवर म्हटलं, बस झालं आता. ती म्हणाली, बरं, ये, तुझं जेवण ठेवते. बाकी काही नाही. ना उपदेश, ना धीर. काही आठवडे असेच गेले. मग एका सकाळी भाजी निवडता निवडता तिनेच विचारलं, “या महिन्यात मुंबईला नाही का जायचं?” गेले मी.

आणि मग तो फोन आला, ज्याला अनीशच्या कागदात नशीब म्हटलं आहे. मी उज्जैनला एका बालरोगतज्ज्ञांच्या केबिनबाहेर बसले होते, भोवती रडणारी पोरं. फोन पूर्वाचा होता. ती आता दुसऱ्या, मोठ्या कंपनीत होती. तिची एक अभिनेत्री ऐन वेळी आजारी पडली होती. शूटिंग देवासजवळ, सोमवारपासून. भूमिका हेड कॉन्स्टेबल बाईची. म्हणाली, “दी, मालवा की बोली चाहिए, बीच-बीच में मराठी. बोल लोगे?”

मी म्हटलं, “बोल लूँगी क्या? मैं तो यही बोलती हूँ.”

ज्या वासासाठी मला इथे मोठं काम मिळत नव्हतं, तोच त्यांना हवा होता. पण थांबा, आता तरी नशीब म्हणू नका. या भागात मालवी बोलणाऱ्या बाया काय कमी आहेत? पूर्वाला त्या क्षणी मीच का आठवले? कारण मागच्याच महिन्यात मी तिला नवा प्रसंग पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, चेहरा अजून तसाच समझदार आहे, घाबरण्याचा सराव चालू आहे. ती म्हणे ते वाचून ऑफिसात एकटीच हसली होती.

सुट्टी मागायला हृषीकेश सरांकडे गेले तर महिनाअखेर, टार्गेटची धावपळ. मी म्हटलं, सर, सुट्टी द्या, नाहीतर राजीनामा घ्या. सर म्हणाले, “मॅडम, तुम्ही डॉक्टरांनाही नाही म्हणू देत नाही, मला कुठे देणार?” सुट्टी दिली. सर, त्या दिवशी तुम्ही नाही म्हणाला असता तरी मी गेलेच असते, हे तुम्हालाही ठाऊक होतं. पण तुम्ही हो म्हणालात, ते मी विसरणार नाही.

भूमिका दोनच प्रसंगांची होती. काम बघून दिग्दर्शकांनी ती वाढवली, दुसऱ्या सीझनमध्ये तर त्या हेड कॉन्स्टेबलला घर दिलं, नवरा दिला, रागवायला सासू दिली. एकदा राजवाड्याजवळ रिक्षावाल्याने मला बघून सलाम ठोकला आणि म्हणाला, मॅडम, चालान मत बनाना. पुढे आणखी कामं आली. तीही मी मागूनच मिळवली, आजही मागते. गेल्या महिन्यात नोकरी सोडली. बाहेरच्या फलकावर ‘सत्कार आणि निरोप’ असं लिहिलं आहे, म्हणून काही जणांनी मला मुंबईत घर कुठे घेतलं असं विचारलं. घर इथेच आहे. निरोप औषधांच्या बॅगेला आहे, इंदूरला नाही.

आता शेवटचं, आणि मग चहाला सोडते. मघाशी शरदचंद्र सरांनी जाहीर केलं की यंदाच्या स्पर्धेच्या नाटकात मुख्य भूमिका माझी. सर, ऐकून आनंद झाला, खोटं बोलणार नाही. ज्या भूमिकेसाठी मी या सभागृहात इतकी वर्षं डोळे लावून बसले, ती आज न मागता मिळते आहे. पण मी ती अशी घेणार नाही.

मागच्या रांगांमध्ये बसलेल्या मुलींकडे मी मघापासून बघते आहे. त्यांच्यातल्या एकीनेही आजवर या मंडळात भूमिका मागितली नसेल, कारण इथे मागत नाहीत. माझी विनंती आहे, भूमिका वाटू नका. निवड चाचणी ठेवा. तिची सूचना बाहेरच्या फाटकावर लावा, रस्त्याने जाणाऱ्यालाही वाचता येईल अशी. ज्याला हवी असेल त्याने यावं आणि मागावी. मीही येईन, रांगेत उभी राहीन. माझ्यापेक्षा सरस कोणी निघाली तर भूमिका तिची. आणि तिचा फोटो मी पूर्वाला पाठवीन, या वेळी सगळ्यांना सांगून.

सर, तुम्ही मान हलवता आहात. पण ती होकाराची आहे, की या बाईला काही कळत नाही म्हणून, ते इथून समजत नाही. अनीश, भिया, सरांना तो दुसरा माईक दे जरा.

ऐकलंत सगळ्यांनी? सर म्हणाले, पुढच्या रविवारी, सकाळी दहा वाजता, इथेच. मुलींनो, लक्षात ठेवा. आणि सर आणखी काहीतरी म्हणताहेत... “तूही वेळेवर ये.” येते, सर.

मंडळाने आठवणीने बोलावलं, सन्मान केला, याबद्दल मी सगळ्यांची मनापासून आभारी आहे. आई, तू आलीस, तुझे आभार घरी मानते, इथे मानले तर रागावशील. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द टोचला असेल, मराठीत हिंदी जास्त झाली असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. त्या सगळ्याची मी क्षमा मागते. काम मागायला गेले, त्याची मात्र मागणार नाही.

जय भीम. नमस्कार.